दोन वर्षांच्या पोरीला बँकॉकच्या गाडीवरचं खायला द्यायचं की नाही?

रत्नांग्रीकर
बँकॉक आणि पुढे मलेशियातल्या पेनांगला निघालोय, सोबत दोन वर्षांची मुलगी. घरात यावरून रोज खडाजंगी चालू आहे, सासूबाई म्हणतायत मेतकूट, नाचणीसत्व, मऊभाताचा तांदूळ सगळं बॅगेत भरा आणि पोरीला बाहेरचं शितही देऊ नका. माझं मत बरोब्बर उलटं. जिथे आपल्या डोळ्यांसमोर कढई पेटलीय तिथलं खाणं हॉटेलच्या बुफेत तासन्‌तास कोमट पडलेल्या अंड्यांपेक्षा केव्हाही बरं, कारण जंतू जोमाने वाढतात ते साधारण ५ ते ६० अंशांच्या मध्ये आणि बुफेचं ते भांडं बऱ्याचदा तिथेच अडकलेलं असतं. थायलंडात सकाळी रस्त्यावर 'चोक' मिळतं, म्हणजे तांदळाची दाट, गरम पेज, त्यातले खिम्याचे गोळे नको म्हणायचं. 'खनोम क्रोक' तर खळग्यांच्या तव्यात तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध घालून करतात, आपले आप्पेच की! भात-नारळावर वाढलेल्या पोरीला यात परकं काय आहे?

वाशिष्ठीकाठची
परकं काही नाही, पण ही हौस तुमच्या जिभेची आहे आणि नाव पोरीचं पुढे करताय. कढई दिसते हो, पण वर भुरभुरलेली कोथिंबीर कुठल्या पाण्यात धुतली ते दिसतं का? मोठ्या माणसाला चार जुलाब झाले तर तो एक दिवस झोपून काढतो, दहा-अकरा किलोचं लेकरू तेवढ्यात डोळे खोल जाऊन गळून पडतं आणि पोटात दुखतंय हे त्याला धड सांगताही येत नाही. शिवाय पाड थाईत, म्हणजे त्यांच्या त्या परतलेल्या नूडल्समध्ये, शेंगदाणे, सुकी कोळंबी, फिश सॉस सगळं एकत्र. पोरीला यातल्या कशाची अ‍ॅलर्जी आहे हे पहिल्यांदा परदेशातल्या फुटपाथवर कळायला हवंय का?

दापोलीचा दांडगट
वाशिष्ठीताई, रागावू नका पण गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर हीच लेकरं लालभडक गोळा चोखत असतात तेव्हा ही काळजी कुठे जाते? सोलकढीचं काय? ती तर उकळतही नाहीत, नारळाचं दूध कच्चंच, सकाळी काढलेली दुपारपर्यंत उन्हाच्या तलखीत टोपात तशीच आणि आपण प्रेमाने वाटी पोराच्या तोंडाला लावतो. बँकॉकला निदान पेयात नळीसारखा भोकाचा बर्फ कारखान्यातून येतो. लादी फोडून केलेला चुरा मात्र टाळा.

वाशिष्ठीकाठची
गोळा मी इथेही देत नाही, हा मुद्दाच नव्हे. इथे बिघडलं तर ओळखीचा डॉक्टर तासाभरात गाठता येतो.

मालवणी माणूस
ह्या सगळा बरा, पण पोराक पाणी खयचा देतलास ता आधी सांग. खाण्यान कमी नि पाण्यान जास्त पोट बिघडता. दात घासूक सुद्धा बाटलीतलाच घे, नि बाटलीचा सील बघून घे.

अलिबागची नर्सबाई
भांडा खुशाल, पण तयारी आधी करा. टायफॉइड आणि हेपॅटायटिस ए ची लस झालीय का बघा, राहिली असेल तर निघायच्या निदान दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांना विचारून घ्या. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्धं पाकीट ग्लासात असला अंदाजपंचे कारभार नको. फळांच्या चवीचे गोड डबे म्हणजे ओआरएस नव्हे. सहा-आठ तास शू झाली नाही, शौचात रक्त दिसलं किंवा पोर सुस्त पडलं तर गूगल करत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. आणि एक, फिशबॉल, लावेअंडी, टॅपिओकाचे गोळे अख्खे देऊ नका, घशात अडकतात. सगळे जंतूंवरच घसरलेत, याचं कोणी नावच काढत नाही.

रत्नांग्रीकर
नर्सबाई, हे कामाचं. पेनांगच्या 'चार क्वे तियोव'मध्ये, म्हणजे तांदळाच्या परतलेल्या नूडल्समध्ये, कॉकल्स घालतात, आपल्या तिसऱ्यांसारखे शिंपले, आणि ते जेमतेम शिजवतात म्हणे. ते तिला नाहीच देणार, तिसऱ्या तर तिला मी घरीही देत नाही. तिखट नको म्हणायला 'माय फेत' पाठ केलंय.

वाशिष्ठीकाठची
माय फेत म्हणून वाटणातली आधीच घातलेली मिरची बाहेर येत नाही. पहिल्यांदाच जाताय तर सिंगापूर का नाही बघत? नळाचं पाणी पिता येतं, आणि गाडीवाल्यांना केव्हाच छपराखाली हॉकर सेंटरमध्ये बसवलंय. त्यांच्या त्या संस्कृतीला २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत जागाही मिळाली. तुमची हौसही भागेल.

दापोलीचा दांडगट
सिंगापूरच्या हॉटेलचं एका रात्रीचं बिल बघा, मग बोला. त्यात बँकॉकला चार दिवस पोटभर होईल.

रत्नांग्रीकर
तिकिटं काढून झालीत हो. चोक आणि खनोम क्रोक देणार, तेही गर्दीच्या गाडीवरचं, वाफा निघताना उतरवलेलं आणि मग निववलेलं. चिरलेली फळं नाहीत, केळं मीच सोलणार. शेंगदाणा इथेच, निघायच्या आधी, कूट करून देऊन बघतो.

वाशिष्ठीकाठची
शेंगदाण्याचं पटलं. तो दवाखाना उघडा असेल अशा वेळी द्या, रविवारी संध्याकाळी नको. बाकीचं अजून पटलेलं नाही.