मदत हवी आहे : शाळाप्रवेशासाठी लसीकरणाची सक्ती करता येईल का?

नमस्कार. नाशिकमधील आमच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघात, बालवाडीच्या प्रवेशासाठी लसीकरण कार्ड सक्तीचे करावे, या ठरावाचा मसुदा तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

माझे मत सक्तीच्या बाजूने आहे. गोवराची साथ रोखायची, तर सुमारे 95 टक्के मुलांना दोन्ही मात्रा मिळालेल्या असाव्या लागतात; 2022च्या अखेरीस मुंबईबरोबर आपल्या जिल्ह्यातील मालेगावातही ही साथ आली होती. पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळत असल्याने त्याहून लहान बाळांची सुरक्षितता भोवतालच्या मुलांवरच अवलंबून असते.

अडचण निराळीच आहे. बांधकामावर काम करणाऱ्या एका आईने दाखवलेले कार्ड घडीवर फाटून नेमका दीड वर्षाच्या लसींचा रकाना गेला होता. मुलाच्या डाव्या दंडावर बीसीजीचा (क्षयरोगावरील लसीचा) व्रण मात्र स्पष्ट होता. अशा मुलाला दारातून परत पाठवणे मला सर्वथा अन्यायाचे वाटते.

शिवाय सर्वोच्च न्यायालयाने मे 2022मध्ये, कोविड लसीच्या संदर्भात, कोणालाही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही, मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी व प्रमाणशीर निर्बंध घालता येतील, असा निर्णय दिला. तो बालकांच्या नियमित लसींना कितपत लागू होतो, हे कृपया कायद्याच्या अभ्यासकांनी सांगावे. तसेच कार्ड हरवलेल्या मुलांच्या जुन्या नोंदी महापालिकेच्या आरोग्य केंद्रातून कोणी मिळवल्या असल्यास त्याची पद्धत कळवावी.