झाडावर चढून फांद्या उतरवण्याच्या कामासाठी हार्नेस, दोर आणि इतर साधने कशी निवडावीत?

प्रश्न : हर्णैकर (दापोली)

नमस्कार मंडळी. दापोली परिसरात मी आणि माझे दोन सहकारी धोकादायक फांद्या उतरवण्याची आणि वठलेली झाडे तोडण्याची कामे घेतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ येऊन गेल्यापासून घरावर झुकलेले आंबे, फणस आणि किनाऱ्यालगतचे सुरू यांची कामे पुष्कळ येऊ लागली आहेत. आजवर आम्ही कमरेला नायलॉनचा दोर बांधूनच चढत आलो, पण आता रीतसर साधने घ्यावीत असे ठरवले आहे. बांधकामावरचा पूर्ण अंगाचा हार्नेस (अंगाला बांधायचा पट्ट्यांचा संच) जवळच्या दुकानात सहज आणि स्वस्तात मिळतो. झाडांसाठी वेगळा मिळणारा हार्नेस त्याच्या कितीतरी पट महाग आहे. हा फरक खरोखर कामाचा आहे का? दोर कोणता आणि किती लांबीचा घ्यावा? आपल्या खाऱ्या हवेत हे सारे टिकेल का, आणि माडावरही हीच साधने चालतील का?

उत्तर : कातळकडा (रत्नागिरी)

फरक निश्चितच कामाचा आहे. बांधकामावरच्या हार्नेसची मुख्य कडी पाठीवर असते, कारण माणूस पायांवर उभा राहून काम करणार आणि चुकून पडलाच तर त्याला अडवायचे, एवढ्याच हेतूने तो बनवलेला असतो. झाडावर मात्र आपण सगळा वेळ साधनावर भार टाकूनच काम करतो. पाठीच्या कडीवर लटकलेल्या माणसाला समोरची फांदी नीट कापता येत नाही. शिवाय तो तसाच निश्चल लटकत राहिला, तर मांड्यांच्या पट्ट्यांनी रक्ताभिसरण अडते आणि थोड्याच वेळात ते जिवावर बेतू शकते. म्हणून रुंद कंबरपट्टा, मांड्यांना गादी, पुढच्या बाजूला कडी सरकेल असा जोडपट्टा आणि दोन्ही कुशींना एकेक कडी असलेला बैठा हार्नेस घ्यावा. त्याच्या लेबलावर ईएन ८१३ आणि ईएन ३५८ ही दोन्ही युरोपीय मानके छापलेली असली पाहिजेत; बांधकामाच्या हार्नेसवर ईएन ३६१ किंवा भारतीय मानक आयएस ३५२१ असते. शक्य असेल तर विकत घेण्यापूर्वी तो घालून जमिनीपासून वीतभर उंचीवर पंधरा-वीस मिनिटे बसून पाहा. कुठे रुततो ते तेवढ्यात कळते.

दोराच्या बाबतीत हात आखडता घेऊ नये. ईएन १८९१ मानकाचा, अ प्रकारचा, साधारण ११.५ ते १३ मिलिमीटर जाडीचा, कमी ताणला जाणारा दोर हवा. गिर्यारोहणाचा लवचीक दोर येथे उपयोगाचा नाही, कारण वर चढताना प्रत्येक ओढीतला बराच जोर दोर ताणण्यातच जातो. दोर बेचक्यातून दुहेरी घेऊन चढण्याच्या पद्धतीत निम्मीच उंची हाती येते, हे लक्षात घेतले तर ४५ मीटर लांबी बहुतेक आंब्या-फणसांना पुरते. प्रुसिक गाठीसाठी (मुख्य दोराभोवती बांधायची, भार आला की आवळणारी सरकती गाठ) उष्णता सोसणारी, खास त्याच कामासाठी बनवलेली ८ ते १० मिलिमीटरची दोरी घ्यावी. उतरताना घर्षणाने ती तापते आणि साधी नायलॉनची दोरी अशा वेळी वितळू शकते. गाठीऐवजी वापरायची यांत्रिक साधने हात बसल्यावरच घ्यावीत, आणि ती घेताना आपल्या दोराची जाडी त्यांना चालते का, हे तपासून पाहावे.

कॅराबिनर (दोर अडकवायची, झडप असलेली धातूची कडी) आपोआप बंद होणारा आणि उघडण्यासाठी निदान दोन वेगवेगळ्या हालचाली कराव्या लागतील असा हवा. करवत चालू असताना दोन ठिकाणी बांधलेले असणे अनिवार्य आहे : एक मुख्य दोर आणि दुसरा खोडाभोवती घेतलेला, पोलादी गाभ्याचा आखूड दोर. हा गाभा वीजवाहक असल्यामुळे तारांजवळचे काम महावितरणकडून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय हाती घेऊ नये. पावसात ओल्या दोराचाही तोच धोका असतो.

उत्तर : माडबन (मालवण)

खाऱ्या हवेविषयी लिहितो. मीठ आणि वाळूचे बारीक कण कॅराबिनरच्या फिरत्या नळीत साचतात, झडप अर्धवट मिटून थांबते, आणि वरून पाहताना ती बंद झाल्यासारखीच दिसते. म्हणून किनाऱ्यावरचे काम आटोपले की त्याच संध्याकाळी धातूची सर्व साधने गोड्या पाण्यात खळबळून धुवावीत, सावलीत वाळवावीत आणि झडपेला कोरडे वंगण लावावे. ॲल्युमिनियमवर पांढुरकी भुकटी किंवा खड्डे दिसू लागले, तर ती वस्तू बाद करावी. दोरावर आंब्याचा किंवा फणसाचा चीक लागल्यास पेट्रोल अथवा रॉकेल मुळीच वापरू नये. सौम्य साबण आणि पाणी पुरते. नायलॉन पाणी शोषून घेतो आणि ओला झाल्यावर त्याची ताकद काहीशी कमी होते, म्हणून आपल्याकडच्या पावसाळ्यासाठी पॉलिएस्टरचा दोर मला अधिक पसंत आहे.

माडाची गोष्ट वेगळी आहे. त्याला फांदी नाही, आणि झावळीच्या देठावर दोर कधीही अडकवू नये. केरळातील चेंबेरीचे पायाने चालवायचे दोन भागांचे चढण्याचे यंत्र आणि त्यासोबत खोडाभोवती घेतलेला सुरक्षा पट्टा, ही जोडी माडावर योग्य ठरते. पाडेली (माडावर चढून नारळ पाडणाऱ्या) मंडळींसाठी नारळ विकास मंडळाची केरा सुरक्षा विमा योजना आहे, तिचीही चौकशी करावी. यंत्राविषयी भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्रात विचारणा करता येईल.

उत्तर : रेवदंडा (अलिबाग)

एक गोष्ट राहिली. तिघांपैकी एकच जण चढणार असला, तरी चढाईचा दुसरा पूर्ण संच खाली तयार हवा आणि तो वापरून वर जाणारा सहकारीही हवा. पैसे कमी पडत असतील तर महागडी यंत्रकरवत घेणे पुढे ढकला. पहिला हंगाम हाताच्या वक्र करवतीवर निभावतो. शिरस्त्राणही चढाईचेच घ्या. बांधकामाच्या शिरस्त्राणाचा हनुवटीचा पट्टा ठरावीक ओढीला सुटावा अशीच त्याची रचना असते, आणि उंचावर असताना ते डोक्यावरून निघून जाणे परवडणारे नाही.

हर्णैकर (दापोली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पायांना बांधायचे लोखंडी काटे घ्यावेत का? त्यांनी चढणे फार सोपे होते, असे ऐकले आहे.

कातळकडा (रत्नागिरी)

जे झाड तोडायचेच आहे, त्याच्यापुरतेच ते वापरावेत. जिवंत आंब्याच्या सालीत काटे रुतले की प्रत्येक पावलागणिक जखम होते आणि तेथून कूज शिरते. माडाच्या खोडावरची जखम तर कधी भरूनच येत नाही, आणि अशा जखमांकडे सोंड्या भुंगा ओढला जातो. राखायच्या झाडावर वजनाची छोटी पिशवी बांधलेली बारीक दोरी बेचक्यातून फेकावी, तिच्या मागून मुख्य दोर ओढून घ्यावा, आणि चढण्यापूर्वी दोन माणसांनी खालून त्यावर आपला पूर्ण भार टाकून ती फांदी तपासून घ्यावी. सालीवर दोर घासू नये म्हणून दोन कड्यांचा पट्टा मिळतो, तोही यादीत लिहून ठेवा. किंमत फार नाही, आणि दोराचे आयुष्यही त्याने वाढते.