सिनेमातल्या गाण्याचे 'सर्व हक्क' लिहून दिले, आता नावही मागता येत नाही का?

मुखडा_मिरज:
नमस्कार मंडळी. मी मिरजेत शिक्षक आहे. 2019 साली एका मराठी सिनेमासाठी दोन गाणी लिहिली. गाण्याला आठ हजार ठरले, त्यातला दुसरा हप्ता सहा महिने फोन करकरून मिळाला. स्टॅम्पपेपरवर 'सर्व हक्क, सर्व माध्यमांसाठी, कायमचे' असं लिहिलं होतं. मी सही केली. पहिलंच काम, कुठे प्रश्न विचारणार?

सिनेमा आठवड्यात उतरला. हळदीचं गाणं मात्र राहिलं. परवा भाचीच्या हळदीला तेच लागलं. आई सगळ्यांना सांगत सुटली, "हे माझ्या पोरानं लिहिलंय." कुणीतरी मोबाइलवर यूट्यूब उघडलं. खाली गायक, संगीतकार, कंपनी, सगळ्यांची नावं, माझं नाही. आई गप्पच झाली. तेव्हापासून मला चैन नाही. पैशांचं नंतर बघू, पण नाव?

कलम_57:
सर, हक्क विकले तरी लेखक म्हणून नाव सांगण्याचा हक्क तुमच्याकडेच राहतो. कॉपीराइट कायद्याचं कलम 57 वाचा. आणि पैसेही सोडू नका. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकाराला रॉयल्टीतला समान वाटा लिहून देताच येत नाही. वारसांना किंवा वसुलीसाठी कॉपीराइट संस्थेला दिला तरच चालतो. 'कायमचे' लिहिलं तरी हे बदलत नाही. थिएटरात सिनेमासोबत वाजलं त्याचे मिळत नाहीत, रेडिओ आणि इंटरनेटचे मिळतात. हळदीत वाजलं त्याचे मात्र मागू नका, लग्नातल्या समारंभांना कलम 52 मध्ये सूट आहे.

अंतरा_पुणे:
दादा, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी वसूल करणारी आयपीआरएस ही कॉपीराइट संस्था आहे, तिचे सदस्य व्हा आणि दोन्ही गाण्यांची नोंद करा. नोंदच नसेल तर तुमचा वाटा तुमच्यापर्यंत पोचणार कसा? रेडिओवाल्यांनी गीतकार-संगीतकारांना रॉयल्टी द्यायलाच हवी, असं एप्रिल 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही म्हटलंय. नावासाठी आधी निर्मात्याला आणि म्युझिक कंपनीला लेखी पत्र पाठवा, स्पीड पोस्टाने. कराराची झेरॉक्स आणि सिनेमाच्या श्रेयनामावलीत तुमचं नाव असेल तर त्याचा फोटो जोडा.

मुखडा_मिरज:
श्रेयनामावलीत आहे! आत्ताच थांबवून फोटो काढला. 'गीते' खाली, दुसरं नाव. पत्र उद्या मधल्या सुट्टीत टाकतो. आईला फोटो दाखवला, तिने चष्मा पुसून दोनदा वाचलं.