व्याख्यानमालेला लोक येत नाहीत म्हणून सामाजिक विषय बंदच करायचे का?

वाचनालयवाला
नमस्कार मंडळी. आमचं तालुक्याचं गाव, सार्वजनिक वाचनालयाची व्याख्यानमाला असते दर जानेवारीत पाच दिवस, मी सहा वर्षं कार्यकारिणीत आहे. यंदाच्या मीटिंगमध्ये बराच वाद झाला. गेल्या वर्षी पाणीप्रश्नावर एका अभ्यासकांना बोलावलं होतं, माणूस एसटीने सात तास प्रवास करून आला, मानधन नको म्हणाला, आणि समोर बसलेले किती तर बेचाळीस, मी स्वतः मोजले, त्यात नऊ तर आम्ही कार्यकारिणीचेच. दुसऱ्या दिवशी 'यशस्वी कसे व्हाल' सांगणारे वक्ते आले तर हॉल फुल्ल, पोरं दारात उभी. त्यामुळे आता बहुतेकांचं म्हणणं की पाचही दिवस तसेच वक्ते आणा, सामाजिक विषय आणि चालू घडामोडी नकोतच, गर्दी होत नाही आणि वर वाद होतात. शिवाय ज्याला ऐकायचंय तो युट्यूबवर ऐकतोच की. मला हे अजिबात पटत नाहीये पण तिथे नीट बोलताच आलं नाही. तुमच्याकडे कसं करतात, कृपया सांगा.

सदाशिवपेठी
एका संध्याकाळच्या डोक्यांवरून ठरवू नका एवढंच पहिलं सांगतो. मी पुण्यात वाढलो, वडील मला टिळक स्मारक मंदिरात वसंत व्याख्यानमालेला घेऊन जायचे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली, वक्तृत्वोत्तेजक सभा चालवते, २१ एप्रिल ते २० मे, रोज एक व्याख्यान. वडील विषय बघून जायचे नाहीत, ऑफिसातून आले चहा घेतला की निघाले, आज बँकांवर आहे उद्या नाट्यसंगीतावर आहे, जे असेल ते. कित्येकदा मागच्या रांगा रिकाम्या असायच्या हो, पण तारखा ठरलेल्या, वेळ ठरलेली, त्यामुळे लोकांना सवय लागते. तुम्ही विषय दरवर्षी गर्दीप्रमाणे बदलत गेलात तर ती सवय लागणारच नाही.

आणि वाद होतात म्हणून घाबरत असतील तर कार्यकारिणीला एक गोष्ट जरूर सांगा. १८ जानेवारी १९४३ ला, रानड्यांच्या १०१ व्या जयंतीला, पुण्यात गोखले हॉलमध्ये डॉ. आंबेडकर बोलले, बोलावलं होतं डेक्कन सभेने म्हणजे रानड्यांनीच काढलेल्या संस्थेने. विषय रानडे, गांधी आणि जिना. विभूतिपूजा नको असं त्यांनी स्पष्ट सांगितलं, गांधी आणि जिना दोघांवर थेट टीका केली. वर्तमानपत्रं तुटून पडली, मग तेच भाषण पुस्तकरूपाने छापताना बाबासाहेबांनी प्रस्तावनेत त्या टीकेला उत्तर दिलं. आज ते भाषण आपण वाचतो. बोलावणाऱ्यांनी 'वाद होईल' म्हणून फक्त गुणगान करणारा वक्ता आणला असता तर आपल्याला काय मिळालं असतं?

ऊसपट्टा
वरच्या दादांचं बरोबर आहे, मी फक्त त्यात लाहोरची भर घालतो. १९३६ मध्ये तिथल्या जातपात तोडक मंडळाने, म्हणजे जातिभेद मोडायला निघालेल्या संस्थेने, बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, छापील भाषण आधी मागवलं, वाचल्यावर काही भाग काढा म्हणाले, त्यांनी स्वल्पविरामही बदलणार नाही असं कळवलं आणि परिषदच रद्द झाली. भाषण झालंच नाही, पण त्यांनी स्वखर्चाने छापलं आणि इंग्रजी आवृत्तीच्या दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. तेव्हा वक्त्याला 'हे बोला ते बोलू नका' सांगायचं असेल तर बोलावूच नका.

मधली_गल्ली
मला थोडं वेगळं म्हणायचंय. त्या पोरांना नावं ठेवू नका. ती यशाची सूत्रं ऐकायला का येतात, तर चार चार वर्षं एमपीएससी करून हातात काही नाही, घरी लग्नाचं वय झालं म्हणून बोलणी सुरू, कुणीतरी सांगावं पुढे काय. माझा धाकटा भाऊ त्यातलाच. हा सामाजिक प्रश्नच आहे ना? मग भरती का निघत नाही, परीक्षा का लांबतात, शेतीत राहिलं तर का भागत नाही, यावर अभ्यासू माणूस आणा की. नामवंत वकील नानी पालखीवाला बजेटवर बोलायचे, १९५८ मध्ये मुंबईत एका हॉटेलच्या छोट्या हॉलमध्ये सुरुवात झाली आणि पुढे ब्रेबॉर्न स्टेडियम लागायला लागलं. बजेटसारखा रुक्ष विषय! हातात कागद नसायचा, आकडे तोंडपाठ, आणि ऐकणाऱ्याला कळायचं की हे माझ्या खिशाबद्दल चाललंय. पाणीप्रश्न म्हणजे कुठल्या पाण्याचा प्रश्न? तुमच्या पत्रिकेत तुमच्या नदीचं नाव होतं का?

माणदेशी_लेक
मी आमच्याकडच्या महिला मंडळाची व्याख्यानं बघते, तिथला अनुभव लिहिते, जरा लांबेल. आमच्याकडे आधी प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, मग शाल श्रीफळ, अध्यक्षांचं मनोगत, यात पाऊण तास जायचा आणि शेवटी प्रश्नांना वेळच नाही, आभार मानून राष्ट्रगीत. बायका स्वयंपाक टाकून आलेल्या असतात, त्या मधेच उठून जायच्या. मग आम्ही सत्कार एका मिनिटाचा केला आणि बोलून झाल्यावर अर्धा तास फक्त प्रश्न. माइक फिरवला तर नेहमीचे तीन पुरुष, तेही प्रश्न न विचारता स्वतःच भाषण करणार. म्हणून कोरे कागद आणि पेन्सिली वाटल्या, नाव लिहायचं नाही. बालविवाहावर वकीलबाई आल्या होत्या तेव्हा मी चिठ्ठ्या गोळा करत होते, एक चिठ्ठी कागद न घेता मेडिकलच्या बिलाच्या मागे लिहिलेली, चार घड्या घातलेली. त्यात होतं, मुलीचं वय सतरा, सुपारी फुटलीय, आता थांबवलं तर आमच्यावर केस होईल का. हॉलमध्ये सव्वाशे बायका, वकीलबाईंनी चिठ्ठी वाचून दाखवली आणि कुणी मागे वळून बघितलं नाही, सगळ्या समोरच बघत होत्या. बाईंनी सगळं शांतपणे सांगितलं, मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा हेल्पलाइन नंबर फळ्यावर लिहिला. हे युट्यूबवर होतं का सांगा. तिथे वक्ता तुमची चिठ्ठी वाचत नाही.

मांडवीकाठ
पणजीहून. कला अकादमीत २००८ पासून इतिहासकार डी. डी. कोसंबींच्या नावाचा विचार महोत्सव, म्हणजे व्याख्यानमालाच, सुरू झाला, आम्ही कॉलेजातून बस करून गेलो होतो, सरांनीच नेलं. तरुण हवे असतील तर शिक्षकांना आधी गाठा, पत्रिका कॉलेजच्या बोर्डावर चिकटवून कुणी येत नाही.

वाचनालयवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमची चिठ्ठीची गोष्ट मी काल मीटिंगमध्ये जशीच्या तशी वाचून दाखवली, बराच वेळ कुणी बोललं नाही. पाचपैकी तीन दिवस सामाजिक विषय ठेवायचं ठरलंय, पहिला दिवस नोकरभरती आणि स्पर्धा परीक्षा. मधली_गल्ली, तुम्ही विचारलंत ते खरं आहे, आमच्या पत्रिकेत नदीचं नाव नव्हतं, 'जलसंकट : एक चिंतन' असं छापलेलं. त्या पाण्याच्या अभ्यासकांना आज फोन केला, परत याल का विचारलं. ते म्हणाले येतो, फक्त आदल्या दिवशी बोलवा, नदीकाठची चार गावं आधी फिरून बघायचीत. मी मोटारसायकलवर नेणार आहे.