कडधान्यं पिकवा आणि खा, हे सरकारने सांगावं का?

पेरापाणी (धागाकर्ता)
संयुक्त राष्ट्रांनी २०१६ हे कडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. २०१९ पासून दर १० फेब्रुवारीला जागतिक दिनही असतो. पोस्टरं छान निघतात. भाषणं संपली की बहुतेक देशांत पैसा पुन्हा तृणधान्यांकडे आणि नत्रखतांच्या अनुदानाकडे वळतो.

माझं म्हणणं एवढंच, की पेरणीला अनुदान देत बसू नका, माल उचला. शाळा, दवाखाने, तुरुंग, सैन्य यांच्या जेवणात कडधान्याचे वार ठरवून टाका आणि खरेदीचा भाव पेरणीआधी जाहीर करा. ब्राझीलने २००९ च्या कायद्याने शालेय जेवणाच्या केंद्रीय निधीतला किमान ३० टक्के पैसा कुटुंबशेतीच्या मालावर खर्च करायचं बंधन घातलं. शेतकऱ्याला उपदेश नको, गिऱ्हाईक हवं.

हिशेबाची वही
साफ असहमत. त्याच ब्राझीलमध्ये घरोघरी घेवड्याच्या दाण्यांचं खाणं गेल्या काही दशकांत घटत आलंय. म्हणजे शाळेत वाढलं म्हणून घरी शिजतं असं नाही. आणि पिकतं तिथे खपतं असंही नाही: कॅनडा मसूर पिकवतो तो मुख्यतः निर्यातीसाठी. सरकार खरेदीदार झालं की गोदामात भुंगा आणि बाहेर दलाल, दोघंही पोसले जातात. लोकांनी काय खावं हे लोकांना ठरवू द्या ना.

पेरापाणी
@हिशेबाची वही, ते आत्ता तरी कुठे लोक ठरवतात? वर्षानुवर्षं तृणधान्यांवर संशोधन, सिंचन, खरेदी सगळं ओतलं, म्हणून ती स्वस्त आणि भरवशाची झाली. ताटात सरकार आधीच बसलंय.

काळी माती
दोघेही बाजारातच अडकलात. जमिनीचं कोण बोलणार? फुलोऱ्यातलं झाड हलक्या हाताने उपटून मुळावरची गाठ नखाने फोडून बघा. आत गुलाबी-लाल दिसली तर जिवाणू हवेतला नत्र बांधतायत. पांढरी किंवा हिरवट असेल तर गाठ आहे पण काम नाही. हा नत्र बांधायला कारखाना लागत नाही. अनुदान द्यायचंच तर या कामाचं द्या, क्विंटलचं नको.

हिशेबाची वही
हे अर्धंच सांगितलंत. सगळी शेंगवर्गीय पिकं सारखी नसतात. बाकला भरपूर नत्र बांधतो, घेवडा-राजमा त्या मानाने आळशी, त्याला बरेचदा वरून खत द्यावंच लागतं. शिवाय बांधलेल्या नत्राचा मोठा वाटा दाण्यांबरोबर शेताबाहेर जातो. सरसकट ‘जमीन सुधारते’ म्हणून पैसे वाटले तर आळशी पिकालाही बक्षीस.

काळी माती
मग पीक बघून द्या. मी सरसकट कुठे म्हटलं?

चुलीपाशी
शिजवणार कोण, हे एकालाही सुचू नये! राजमा किमान पाच तास भिजवायचा, ते पाणी फेकायचं, ताज्या पाण्यात खळखळून उकळायचा. मंद आचेवर अर्धवट राहिला तर कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो, उलट्या ठरलेल्या. जुना दाणा तर तासन्‌तास शिजत नाही. दिवसभर कामावर असलेल्या माणसाला तुम्ही ‘प्रथिनं खा’ सांगणार आणि इंधन नि वेळ त्याच्या माथी. (तो माणूस बहुतेक घरांत बाईच असतो, हे जाता जाता.) धोरणात पैसा ठेवायचा तर लवकर शिजणाऱ्या वाणांवर आणि शिजवून डबाबंद केलेल्या मालावर ठेवा.

पेरापाणी
@चुलीपाशी, सहमत, आणि म्हणूनच सामूहिक स्वयंपाकघरं म्हणतोय. एका मोठ्या भांड्यात शंभर जणांचं भिजतं, शंभर चुली पेटत नाहीत.

हिशेबाची वही
भांडं मोठं असेल हो. पण भाव पेरणीआधी जाहीर केलात आणि सगळ्यांनीच पेरलं, की उरलेला माल कोण उचलणार? शाळेतली मुलं दुप्पट खाणार नाहीत. खरेदीची मर्यादा किती, हा आकडा धाग्यात कुठेच नाही.

पेरापाणी
जेवणाऱ्यांची डोकी मोजून तेवढ्याचेच करार. त्यापुढचं ज्याने त्याने आपल्या जोखमीवर पेरावं.

हिशेबाची वही
आणि निवडणुकीच्या वर्षी?