बागेतला बँडस्टँड: लाकूड ठेवायचे की लोखंड घालायचे?

चिरेबंदी: आमच्या गोव्यातल्या छोट्या शहराच्या बागेतला जुना बँडस्टँड, म्हणजे बँडवाल्यांनी बसून वाजवायचा छपराचा मंडप, दुरुस्तीला काढलाय. सागवानी सांगाडा उतरवून लोखंडी पाइप आणि पत्रा घालायचा घाट आहे. माझा विरोध, तसा अर्ज करतोय. आठ खांबांच्या माथ्यावरून तुळई गोल फिरते. छपराचा भार वाशांतून खांबांना बाहेर ढकलतो, आणि ही तुळई त्यांना कमरपट्ट्यासारखी आवळून धरते. छपराखाली आतून फळ्यांची तक्तपोशी, म्हणजे लाकडी छत. क्लॅरिनेटचा आवाज वर उडून न जाता बाकांपर्यंत येतो. पावसात पत्र्याखाली काय ऐकू येणार?

सांगेकर: पावसात बागेत बँड ऐकायला येतो कोण? खांब बुडाशी कुजलेत, बोट लावले तर आत जाते. पोरे तिथेच लपंडाव खेळतात. उद्या कुणाच्या डोक्यात कौल पडले तर?

चिरेबंदी: बूड का कुजले ते बघा ना. खांब दगडी तळखड्यावर, म्हणजे बुडाखालच्या बैठकीच्या दगडावर, उभे होते, पाणी निथळून जायचे. मागच्या दुरुस्तीत कुणीतरी शहाणपणा करून भोवती सिमेंट ओतले. आता पाणी तिथेच मुरते. वरचे लाकूड टणक आहे. कुजका हातभर तुकडा कापून तिरक्या सांध्याने नवे सागवान जोडता येते.

माशेलची सून: जोडणार कोण? निविदा सगळ्यात स्वस्तवाल्याला जाते. असला सांधा येणारा मेस्त, म्हणजे सुतार, ती भरतच नाही. आणि वाळवीचे औषध दरवर्षी मारले जाईल म्हणता?

उंडगा: जपानात इसेचे देऊळ दर 20 वर्षांनी नवे बांधतात, अलीकडे 2013 साली बांधले. आपणच जुन्या फळ्यांना काय कवटाळायचे? तीही पोर्तुगीज साहेबांच्या करमणुकीची वस्तू.

चिरेबंदी: इसेला नवे बांधतात ते त्याच जातीच्या लाकडात, त्याच पद्धतीने. सुतारांची पुढची पिढी त्यातच घडते. पाइप वेल्ड करून कोण काय शिकणार? आणि साहेब 1961 सालीच गेले की! पणजीच्या गार्सिया द ऑर्ता बागेतही बँडस्टँड आहे, तो काय आता साहेबांचा? आपल्या इथे परवा भजन रंगले होते.

सांगेकर: बरं, तुळई-छप्पर राहू द्या. पण खांबांना खालून पोलादी बूट घाला, जमिनीपासून चार बोटे वर. तेवढे मानत असाल तर अर्जावर माझी सही धरा.

माशेलची सून: खाऱ्या वाऱ्यात तो बूट गंजून फुगेल. तळखडेच मोकळे करा. आणि निविदेत सुतारकाम वेगळे काढा, नाहीतर गवंडीच येऊन पुन्हा सिमेंट ओतून जाईल.