अलिबागची सहल : वार नंतर, आधी तिथी बघूया

सी-४०२ : शनिवारी दुपारी अलिबागला पोचायचं, जेवून कुलाबा किल्ला, संध्याकाळी मुलांना बनाना राइड. सगळ्यांना चालेल ना?

ए-१०३ : वहिनी, किल्ला समुद्रात आहे, चालत जायचं तर ओहोटीलाच. आणि त्या दिवशी नवमी आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, म्हणजे पावणेसात. ओहोटी पाऊण वाजता. आपण जेवून निघेपर्यंत पाणी चढायला लागलेलं असणार. शिवाय नवमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, पाणी फार मागे हटतच नाही. किल्ल्यात रमलो आणि मागची वाट बुडली, तर लहान मुलं घेऊन काय करायचं?

बी-२०१ : काका, भरतीला बोट असते ना?

ए-१०३ : असते. पण ओल्या वाळूतून, खडकांमधून चालत जाण्यात मुलांना जे दिसतं ते बोटीतून दिसत नाही. खेकडे, शंख, खडकाला चिकटलेली कालवं. माझं ऐका, एक आठवडा पुढे जाऊ. त्या रविवारी द्वितीया, उधाणाचे दिवस, म्हणजे पाणी लांबवर हटतं, ओहोटी सकाळी साडेसातच्या सुमारास. सातला चालायला लागू आणि नऊच्या आत किनाऱ्यावर परत. शनिवारी मुक्काम करावा लागेल, पण केलाच पाहिजे.

सी-४०२ : दोन तासांत बघून होईल?

ए-१०३ : आरामात. चहूकडे खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याची पुष्करणी, हे मुलांना आवर्जून दाखवा. राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ आहे. तटावर चाकांच्या गाड्यांवरच्या दोन इंग्रजी तोफा आहेत, त्यांवर १८४९ साल कोरलेलं आहे. कान्होजींच्या आरमाराचं हे ठाणं, त्यामुळे तटावर उभं राहून समुद्राकडे बघायला दहा मिनिटं तरी ठेवा.

बी-२०१ : आईला खडकांवरून जमणार नाही.

ए-१०३ : त्यांच्यासाठी घोडागाडी करू. बाकीच्यांनी घट्ट बसणारे बूट किंवा सँडल घाला, स्लिपर नकोत, शेवाळावर पाय सरकतो. बनाना राइड रविवारी दुपारी, पाणी वर आल्यावर. लाइफ जॅकेट न घालणाऱ्याला बसू द्यायचं नाही.

सी-४०२ : पटलं काका. शनिवारी दुपारची भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो (गाड्याही नेणारी बोट) बघते. किती जण, किती गाड्या, आज रात्रीपर्यंत इथेच लिहा.